पुसलेली नोंद आणि सोपवलेले मूल

बायबलच्या भाषांतरकाराला काही शब्द वर्षानुवर्षे स्वस्थ बसू देत नाहीत. ‘क्षमा’ हा त्यांपैकी एक. मराठीत आपण या एकाच शब्दावर सर्व भार टाकतो. मूळ भाषांत मात्र तो अनेक शब्दांनी वाटून घेतला आहे. इब्रीतील ‘नासा’ म्हणजे उचलून नेणे, ‘माखा’ म्हणजे पुसून टाकणे. ‘सालाख’ हे क्रियापद तर असे आहे की, जुन्या करारात त्याचा कर्ता केवळ देवच असतो, मनुष्य कधीही नसतो. ग्रीकमधील ‘आफिएमि’ म्हणजे सोडून देणे, जाऊ देणे. आणि कलस्सैकरांस २:१४ मध्ये पौल ‘खेइरोग्राफोन’ हा एक व्यवहारातला शब्द योजतो, जो नव्या करारात त्या एकाच ठिकाणी आढळतो. ऋणकोने आपल्या हाताने लिहून दिलेला कर्जरोखा, असा त्याचा अर्थ. त्या काळची शाई काजळी व डिंक यांची असे. ओल्या बोळ्याने ती पपायरसवरून पुसता येई. पौलाच्या क्रियापदात हे पुसणेच आहे.

हे शब्द अलीकडे पुन्हा चाळावे लागले ते एका पाळकबंधूंच्या पत्रामुळे. महाराष्ट्राबाहेरील एका शहरात ते लहानशा मराठी मंडळीची सेवा करतात. त्यांच्या मंडळीत चाळिशीचे एक गृहस्थ आहेत. टेम्पो चालवून संसार करतात. विसाव्या वर्षी एका मारामारीत त्यांच्या हातून एकाला गंभीर दुखापत झाली, खटला चालला, शिक्षा झाली आणि दीड वर्ष तुरुंगात गेले. त्यानंतर त्यांच्यावर कोणताही गुन्हा नाही. व्हॉलीबॉल उत्तम खेळतात. संडे स्कूलमधील मोठ्या मुलांना व तरुण संघाला संध्याकाळी मैदानावर शिकवावे, तेही विनामोबदला, अशी त्यांची इच्छा. पंच कमिटीने ठराव केला की, गृहस्थांनी प्रथम पोलिसांकडील आपली नोंद साफ करून आणावी, मग विचार करू. ते वकिलाकडे गेले. वकील म्हणाले, अशी नोंद साफ करून देणारी खिडकीच आपल्या देशात नाही. तेव्हा पाळकबंधू विचारतात : जे देवाने पुसले ते ठाण्याच्या रजिस्टरात राहिले, म्हणून मंडळीने या मनुष्याला मुलांपासून दूर ठेवावे काय?

प्रश्न विचारण्याची ही पद्धत मनाला भिडते. तथापि तीत दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत असे मला वाटते, आणि ते सुटे करणे हाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम कायद्याची बाजू, कारण आपल्या मंडळ्यांत तिच्याविषयी बरेच गैरसमज आहेत. वकिलांचे म्हणणे बहुतांशी खरे आहे. प्रौढपणी झालेली दोषसिद्धी काही वर्षे सरळ वागल्यानंतर पुसून देणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. इंग्लंडमध्ये १९७४ पासून असा कायदा आहे. त्यानुसार ठराविक मुदतीनंतर अनेक शिक्षा ‘संपल्या’ असे मानले जाते, जरी मुलांमध्ये करावयाच्या कामांना १९७५ च्या आदेशाने त्यातून वगळले आहे. आपल्याकडे दोन दारे किलकिली आहेत. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाखाली ज्याला ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडले, त्याला त्या दोषसिद्धीपायी येणारी अपात्रता चिकटत नाही. नोंद मात्र राहते. दुसरे दार अधिक रुंद आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने ‘नव्या सुरुवातीचे तत्त्व’ स्पष्ट शब्दांत स्वीकारले. अठरा वर्षांखालील मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर त्याची नोंद योग्य मुदतीनंतर नष्ट करावी व त्याला कोणतीही अपात्रता लागू नये, असे तो सांगतो. सोळा वर्षांवरील मुलाने केलेले काही अतिगंभीर गुन्हे हा अपवाद. म्हणजे आपले हे टेम्पोचालक बंधू तीन वर्षांनी लहान असते, तर गोष्ट वेगळी झाली असती.

न्यायालयांनी या कडक चौकटीत थोडा ओलावा आणला आहे. दिल्ली पोलीस दलात अर्ज करणाऱ्या एका तरुणाने आपल्यावरील जुना, तडजोडीने मिटलेला मारामारीचा खटला लपवला होता. २०११ साली त्याच्या प्रकरणी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला व्हिक्टर ह्यूगोचा जाँ व्हालजाँ आठवला : पाव चोरल्याबद्दल आयुष्यभर चोर ठरलेला. तरुणपणीच्या चुकीमुळे कोणावर जन्मभर शिक्का मारू नये, असा न्यायालयाचा रोख होता. पुढे २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने सर्व पूर्वनिर्णय एकत्र तपासले आणि क्षुल्लक अपराध व गंभीर अपराध यांत भेद केला. लहान वयात घोषणा दिल्याबद्दल झालेली शिक्षा सोडून देता येईल. पण खरी माहिती देणाऱ्यालाही नेमलेच पाहिजे, असे बंधन नाही. हे निकाल नोकरीविषयी आहेत, मंडळीच्या मैदानाविषयी नव्हेत. परंतु विचार उपयोगी आहे. न्यायालयाने ‘नोंद आहे की नाही’ यापाशी न थांबता ‘कसली नोंद, कोणत्या वयातली, कोणत्या कामासाठी’ असे विचारले. आमच्या पंच कमिटीने हे विचारले नाही. तिने निर्णयाचे ओझे ठाण्याच्या शिक्क्यावर टाकले.

आणि शिक्का हा फार दुबळा साक्षीदार आहे.

नोंद असणे म्हणजे पापी असणे नव्हे, हे भारतीय ख्रिस्ती माणसाला तरी सांगावे लागू नये. उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश यांसारख्या राज्यांत २०२१ च्या धर्मांतरविषयक कायद्यांखाली प्रार्थनासभांवरूनही गुन्हे दाखल झाले आहेत. उद्या त्यांतील एखाद्या पाळकाने ‘चारित्र्य पडताळणी’साठी अर्ज केला, तर कागदावर काय उमटेल? पौलाची कित्येक पत्रे तुरुंगातून लिहिलेली आहेत. आजच्या नियमाने त्याला संडे स्कूलचा वर्ग मिळाला नसता. याहून कटू उदाहरण आपल्याच मातीत आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांच्या जन्माचीच नोंद गुन्हा म्हणून केली. पारधी, कैकाडी अशा जमातींतील अर्भक पाळण्यात असतानाच रजिस्टरचे झाले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला व या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. पण गावात चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर पडते, हे कोणास ठाऊक नाही? २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांतून या जुन्या शिक्क्याचे अवशेष काढून टाकण्याचा आदेश द्यावा लागला. ख्रिस्ती म्हणून आपण येथे मान खाली घालून एक गोष्ट लक्षात ठेवावी : सरकारने या जमातींना ज्या कुंपणाच्या वसाहतींत ठेवले, त्यांपैकी कित्येक उत्तर भारतात व मद्रास इलाख्यात मुक्तिफौजेने चालवल्या. हेतू सुधारण्याचा होता. हजेरीचे रजिस्टर मात्र सरकारचेच होते.

उलट, नोंद नसणे म्हणजे निर्धोक असणेही नव्हे. इंग्लंडमधील सोहम गावी २००२ साली दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी इयन हंटली हा तेथील माध्यमिक शाळेचा रखवालदार होता. त्यापूर्वी दुसऱ्या परगण्यातील पोलिसांकडे त्याच्याविरुद्ध लैंगिक अपराधांचे अनेक आरोप आले होते, परंतु एकातही दोषसिद्धी झाली नव्हती. ती माहिती शाळेपर्यंत पोहोचलीच नाही. आपल्याकडील एक प्रकरण अगदी अलीकडचे आहे. राजस्थानातील एका शिक्षकावर विद्यार्थिनीशी लैंगिक गैरवर्तन केल्याचा गुन्हा २०२२ मध्ये नोंदवला गेला. मुलीच्या वडिलांशी तडजोड झाली, आणि त्या तडजोडीच्या आधारे उच्च न्यायालयाने गुन्हाच रद्द केला. नोंद साफ! गावातील तिऱ्हाईत माणसे सर्वोच्च न्यायालयात गेली, म्हणून २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तो आदेश फिरला. आरोप खरा की खोटा, हे खटल्यात ठरेल; ते ठरवण्याचा अधिकार आपला नाही. पण तो ठरण्यापूर्वीच कागद कोरा करण्यात आला होता, आणि तोही दोन प्रौढांच्या संमतीने. मुलीला कोणी काय विचारले, हे त्या तडजोडीत दिसत नाही.

येथे मला कॅनडाचे एक प्रकरण आवर्जून मांडायचे आहे, कारण त्यात खेळ, प्रशिक्षक आणि क्षमा हे तिन्ही शब्द एकत्र आले, आणि शेवटी एका शब्दाचे भाषांतर बदलावे लागले.

ग्रॅहॅम जेम्स हा पश्चिम कॅनडातील तरुणांच्या आइस हॉकी संघाचा नामवंत प्रशिक्षक होता. १९८९ साली एका प्रतिष्ठित हॉकी साप्ताहिकाने त्याला वर्षाचा मानकरी ठरवले होते. पोरांना व्यावसायिक संघापर्यंत नेणारा मनुष्य म्हणून आईबाप आपली मुले त्याच्या हवाली करीत. पुढे शेल्डन केनेडी या खेळाडूने धैर्य करून, किशोरवयात जेम्सने आपले वर्षानुवर्षे लैंगिक शोषण केले, असे पोलिसांना सांगितले. १९९७ च्या जानेवारीत जेम्सने गुन्हा कबूल केला. साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा संपली, मुदत भरली आणि २००७ मध्ये सरकारी मंडळाने त्याला ‘पार्डन’ म्हणजे क्षमा दिली. रीतसर अर्ज, रीतसर चौकशी, रीतसर मंजुरी. त्याने कोणाला फसवले नाही. कायदाच तसा होता. २०१० च्या एप्रिलमध्ये ही बातमी फुटली तेव्हा देश हादरला. ज्या मुलांचे बालपण गेले, त्यांच्या वतीने ‘क्षमा’ करण्याचा अधिकार या मंडळाला कोणी दिला, असा प्रश्न लोकांनी विचारला. २०१२ मध्ये जेम्सला आणखी दोन जुन्या खेळाडूंवरील अत्याचारांबद्दल पुन्हा शिक्षा झाली. म्हणजे क्षमा मिळाली त्या वेळी सर्व पाप सांगितलेलेही नव्हते.

त्याच वर्षी कॅनडाने कायदा बदलला. अल्पवयीनांवरील लैंगिक गुन्हेगारांना, काही थोडे अपवाद वगळता, ही सवलत बंद झाली. आणि ‘पार्डन’ हा शब्दच काढून त्याच्या जागी ‘नोंद स्थगित करणे’ या अर्थाचा शब्द घातला. माझ्यासारख्या शब्दांच्या मजुराला हा बदल फार बोलका वाटतो. राज्यसंस्थेने जणू कबूल केले की, क्षमा करणे आपल्या हाती नाही. आपण फार तर फाईल बाजूला ठेवू शकतो. ‘सालाख’ या क्रियापदाचा कर्ता मनुष्य होत नाही, हे व्याकरण इब्री लेखकांना अडीच हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते. तेथे आणखी एक शहाणपणाची तरतूद २००० सालापासून आहे : फाईल बाजूला ठेवली तरी, मुलांमध्ये किंवा दुर्बलांमध्ये काम करू इच्छिणाऱ्याची पडताळणी करताना लैंगिक गुन्ह्याची नोंद पुन्हा उघडता येते.

मात्र या प्रकरणाचा दुसरा अर्धा भागही सांगितला पाहिजे. संतापाच्या भरात प्रतीक्षेची मुदत सर्वांसाठीच वाढली, आणि अर्जाचे शुल्क ५० डॉलरवरून १५० व तेथून २०१२ मध्ये ६३१ डॉलरवर गेले. ज्याने विसाव्या वर्षी दुकानातून काही उचलले होते आणि आता आपल्या मुलाच्या संघाला शिकवू इच्छित होता, अशा गरीब माणसाने एका प्रतिष्ठित प्रशिक्षकाच्या पापाचे हप्ते फेडले. २०२२ च्या जानेवारीत ते शुल्क पुन्हा ५० डॉलर झाले. दहा वर्षे गेली.

आता शास्त्राकडे वळू. ‘देव आमचे पाप आठवत नाही, मग तुम्ही का आठवता?’ हा युक्तिवाद यिर्मया ३१:३४ आणि इब्री लोकांस ८:१२ यांवर आधारलेला असतो. येथे इब्री क्रियापद ‘झाखर’ याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. देवाने नोहाची आठवण केली (उत्पत्ती ८:१), म्हणजे तोवर तो नोहाला विसरला होता असे कोणी म्हणणार नाही. देव ‘आठवतो’ म्हणजे त्या आठवणीनुसार कृती करतो. ‘आठवत नाही’ म्हणजे त्या गोष्टीवरून दंड करण्यास प्रवृत्त होत नाही. ही स्मृतिभ्रंशाची भाषा नाही. तसे नसते, तर ज्या ग्रंथात पाप पुसल्याचे वचन आहे त्याच ग्रंथात दाविदाचे पाप इतक्या तपशिलाने कशाला राहिले असते? मत्तयाने वंशावळीत बथशेबेचे नाव न घेता तिला उरीयाच्या संबंधाने ओळखले आहे; क्षमा झालेल्या राजाची नोंद प्रभूच्या जन्माच्या पानावर कायम आहे. पेत्राचा नकार चारही शुभवर्तमानांत आहे. आणि पौल तर आपल्या गुन्ह्याची कथा न विचारता सांगतो, अग्रिप्पा राजापुढेही सांगतो आणि तीमथ्याला लिहितानाही (१ तीमथ्य १:१३). कर्जरोखा पुसला गेला. कथा पुसली गेली नाही. पौलाला ती पुसावीशीही वाटली नाही.

पौलाविषयी आणखी थोडे. दिमिष्कानंतर तो यरुशलेमेस आला तेव्हा शिष्य त्याला भ्याले (प्रे. कृत्ये ९:२६). या भीतीबद्दल लूक त्यांना एका शब्दानेही दोष देत नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ज्यांच्या घरात हा मनुष्य शिरला होता, ज्यांच्या स्त्रीपुरुषांना त्याने फरफटत नेले होते, त्यांनी ‘देवाने क्षमा केली आहे’ एवढ्या वाक्याने निर्धास्त व्हावे, अशी अपेक्षा शास्त्रात नाही. बर्णबा मध्ये पडला. त्याने प्रमाणपत्र मागितले नाही. स्वतःची पत पुढे केली, आपण त्याला ओळखतो असे सांगितले. नंतर पौल तार्सास गेला आणि काही काळाने बर्णबाच त्याला शोधून अंत्युखियास घेऊन आला. पुढे लोकांपुढे बोलताना पौल मंदिरातील एक दर्शन सांगतो (२२:१७–२१). त्यात तो प्रभूशी जवळजवळ हुज्जत घालतो : मी विश्वासणाऱ्यांना कोंडीत व मारीत असे, हे यांना ठाऊकच आहे. प्रभूचे उत्तर एवढेच की, जा, मी तुला दूर परराष्ट्रीयांकडे पाठवीन. या उताऱ्याचे अर्थ निरनिराळे लावले जातात आणि मी त्यावर फार भार टाकणार नाही. पण घटना अशी की, प्रेषितपण मिळाले, मोठे कार्य मिळाले. ते कोठे करायचे हे मात्र पौलाने ठरवले नाही.

मंडळीत सेवा करणे हा हक्क आहे, अशी भाषा हल्ली ऐकू येते. शिक्षा भोगून आलेला मनुष्य म्हणतो, मला क्षमा झाली असेल तर मला वर्ग द्या. न द्याल तर तुमची क्षमा खोटी. कर्जाच्या बाबतीत हे म्हणणे ठीक आहे. रोखा पुसल्यावर सावकाराने पुन्हा तगादा लावू नये. परंतु मूल हा काही रोख्यातील ऐवज नाही. मंडळी जेव्हा मुलाला कोणाच्या हाती सोपवते, तेव्हा ती त्या मनुष्याचे देणे फेडत नसते. ती आईबापांनी ठेवलेल्या ठेवीची व्यवस्था पाहत असते. क्षमा देताना मी माझे काही सोडतो. दुसऱ्याच्या मुलाची सुरक्षितता सोडून देणे हे माझ्या औदार्यात मोडत नाही, कारण ती माझी नव्हेच.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायाचे आपल्या व्यासपीठांवरून मोठे नुकसान झाले आहे. सत्तर वेळा सात हा हिशेब त्या अध्यायाच्या उत्तरार्धात आहे, आणि त्यावर दर वर्षी प्रवचने होतात. त्याच अध्यायाच्या आरंभी प्रभूने एक खरेखुरे बालक मध्ये उभे केले आहे, आणि लहानांपैकी एकाला अडखळवणाऱ्याविषयी जात्याच्या तळीचे जे भयंकर उद्‍गार काढले आहेत, ते सहाव्या वचनात आहेत. ‘लहान’ म्हणजे नम्र शिष्य, असे काही भाष्यकार म्हणतात, तेही खरे. पण ते बालक त्या वेळी तेथेच उभे होते. प्रभूने आधी मुलाची बाजू घेतली, मग क्षमेचा हिशेब सांगितला. आपण क्रम उलटा करतो : आधी दुखावलेल्या मुलाला क्षमेचा धडा देतो, म्हणजे प्रौढाला आपल्या जागी परतणे सोपे जावे. आयर्लंडमधील २००९ चा अहवाल व ऑस्ट्रेलियातील २०१७ चा शाही आयोगाचा अहवाल यांत हेच पानोपानी आहे. पश्चात्ताप केलेल्या सेवकाला दुसऱ्या गावी नेमले, आणि तेथेही मुले होती.

म्हणून पाळकबंधूंना मी असे लिहिले की, प्रश्न एक नाही, दोन आहेत. या मनुष्याला मंडळीने आपला म्हणून स्वीकारले आहे काय? याचे उत्तर कोणत्याही रजिस्टरावर अवलंबून नाही. प्रभुभोजनाच्या मेजापाशी चारित्र्य पडताळणी नसते. या मनुष्याच्या हाती हे विशिष्ट काम द्यावे काय? याचे उत्तर त्याच्या भूतकाळावर अवलंबून आहे, आणि ते तसे असण्यात कृपेचा अपमान नाही. वीस वर्षांपूर्वीची ती मारामारी आणि व्हॉलीबॉल शिकवणे यांचा संबंध मला दिसत नाही. ज्याच्या रागाचा आजही भरवसा नाही, अशाला मैदानावर नेमू नये. पण ते पाहायला आजचा मनुष्य पाहावा लागतो, आणि पंधरा वर्षे शेजारच्या बाकावर बसणाऱ्या पंचांना ते दिसत नसेल तर पोलिसांना काय दिसणार? ज्याने पतपेढीत अफरातफर केली त्याला खजिनदार करू नये, पण तो मुलांना क्रिकेट का शिकवू नये? आणि ज्याच्या हातून मुलावर अत्याचार घडला, त्याचा पश्चात्ताप कितीही खरा असो, कागद कितीही कोरा असो, त्याने मुलांमध्ये काम करू नये. ही मर्यादा आजन्म आहे. पश्चात्ताप खरा असेल, तर ती मागण्यास तो स्वतःच पुढे येईल. जक्कयाने चौपट परत देण्याचे स्वतःच सांगितले होते. कोणी ठराव करून त्याच्यावर लादले नव्हते.

त्यांना दुसरी विनंती केली ती अशी की, पडताळणी एकट्या या बंधूंची करू नका. २०२० च्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण नियमांनी शाळा, पाळणाघरे, क्रीडा प्रबोधिन्या आणि मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या सर्व संस्थांना आपल्या सेवकवर्गाची वेळोवेळी पोलीस पडताळणी करण्यास बांधले आहे. मंडळीने हाच नियम विनावेतन काम करणाऱ्यांनाही लावावा, पाळकांना आणि पंचांच्या मुलांनाही. सर्वांना विचारले की कोणा एकाचा अपमान होत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कोणीही प्रौढ एकट्या मुलाबरोबर बंद दाराआड राहणार नाही. शिबिरात मुलांच्या खोलीपाशी दोघेजण असतील. मैदानावर एखादा पालक बसलेला असेल. या साध्या व्यवस्थेला कोणाचा भूतकाळ माहीत असण्याची गरज नाही. ज्याची नोंद कधी झालीच नाही, त्यालाही ती आवरते. आणि मुलाने काही सांगितलेच, तर २०१२ च्या कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. कमिटीत मिटवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

विश्वास टाकल्यानेच मनुष्य उभा राहतो, हे मी विसरलेलो नाही. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे भिंतींवाचून कैदी ठेवण्याचा जो प्रयोग झाला, त्यावरूनच १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट सुचला, हे आपल्या पिढीला ठाऊक आहे. त्या कैद्यांच्या हाती शेत दिले गेले. विश्वास खरा होता, आणि तो कशाच्या बाबतीत टाकावा हेही कोणीतरी विचारपूर्वक ठरवले होते. आपल्या मंडळ्यांत दोनच पर्याय दिसतात : एक तर बाकाच्या शेवटच्या टोकाला गप्प बसा, नाहीतर थेट व्यासपीठावर येऊन साक्ष द्या. मधले शेत आपण नांगरलेलेच नाही.

यहेज्केलाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायात हे मधले शेत आहे. जे लेवी इस्राएलाबरोबर मूर्तींच्या मागे बहकले, त्यांच्याविषयी तेथे निर्णय आहे (वचने १० ते १४). त्यांना हाकलून दिलेले नाही. मंदिराची द्वारे राखणे व मंदिरातील सर्व कष्टाची सेवा त्यांच्याकडे आहे. परंतु याजक म्हणून समीप येण्याची मुभा त्यांना नाही. भाषांतर करताना या उताऱ्याचा सूर ठरवणे अवघड जाते. शिक्षा म्हणून वाचावे, की नेमणूक म्हणून? मूळ वाक्यांत दोन्ही आहेत, आणि मराठीतही दोन्ही राहतील असेच शब्द शोधावे लागतात.

द्वार राखण्याचे हे काम हलके नव्हे, याला शास्त्रातच एक साक्ष आहे. कोरहाने मोशेविरुद्ध बंड केले व तो नाश पावला. पण त्याचे पुत्र मेले नाहीत, असे गणना २६:११ थोडक्यात नोंदवते. या घराण्याचे नाव बंडखोर म्हणून लिहिले गेले ते कायमचे. पुढे १ इतिहास ९:१९ मध्ये त्याच कोरहाचे वंशज निवासमंडपाच्या उंबरठ्यांचे राखणदार म्हणून भेटतात. आणि चौऱ्याऐंशीवे स्तोत्र, ज्याच्या शीर्षकात कोरहपुत्रांचे नाव आहे, त्यात दुष्टांच्या तंबूत राहण्यापेक्षा देवाच्या घराच्या दाराशी असणे पत्करले आहे. तेथील इब्री क्रियापद ‘उंबरठा’ या शब्दापासून बनलेले आहे आणि संपूर्ण जुन्या करारात ते दुसरीकडे कोठेही येत नाही.